गाण्यांच्या फायली: काय घ्यावं, काय पुढे पाठवावं आणि कुठे हात आवरावा

ऊसतोड सुरू झाली, ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याच्या रांगेत उभ्या राहिल्या, की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पेन ड्राइव्हचाही हंगाम सुरू होतो. हमरस्त्यावरच्या मोबाईल दुकानात ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असते. पेन ड्राइव्ह द्यायचा, ‘जुनी मराठी, लावणी, भक्तिगीतं, थोडी हिंदी’ एवढं सांगायचं, आणि चहा होईतोवर शेकडो गाणी भरून हातात. रात्र रात्र रांगेत काढणाऱ्या ड्रायव्हरला गाणं लागतंच, त्यात वावगं काही नाही. पण या एका व्यवहारात सगळ्यात जास्त धोक्यात कोण आहे, हे ना दुकानदाराला ठाऊक असतं ना ड्रायव्हरला.

माझा राजारामपुरीत रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, शाहीर, शाळांची गीतं, अधूनमधून एखादा अल्बम असं काम असतं. गाण्याची फाइल जन्माला येताना मी बघते आणि तीच फाइल नावगाव पुसून कुठल्या तरी ग्रुपवरून परत माझ्याकडे येते तेही बघते. मी वकील नाही. धंद्यापायी कॉपीराइटचा कायदा वाचावा लागला, वकिलांकडून समजून घ्यावा लागला, आणि त्यातलं रोज उपयोगी पडणारं ते इथे लिहिते आहे.

आधी मुद्द्याचं. गाणं ऐकणारा, उतरवून घेणारा, पुढे पाठवणारा आणि विकणारा हे चौघे कायद्यापुढे सारखे नाहीत. जोखीम पायरीपायरीने चढत जाते, आणि सगळ्यात मोठी पायरी असते ती फाइल तुमच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते तिथे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका चित्रपटाच्या पायरसीचं प्रकरण होतं. ब्लॉक केलेल्या साइट उघडल्या की तेव्हा ‘बघणं, डाऊनलोड करणं गुन्हा आहे’ अशी सरसकट धमकीवजा पाटी यायची. न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. गाण्यांच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच विचारा: ही फाइल माझ्यापाशी थांबते, की माझ्यातून पुढे जाते?

फाइल ओळखायची कशी

तो दुकानातून भरलेला पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावा. एखाद्या गाण्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘डिटेल्स’ उघडा. तिथे गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, वर्ष असे रकाने असतात. अधिकृत विकत घेतलेल्या फाइलमध्ये ते नीट भरलेले असतात. चोरीच्या फाइलमध्ये कलाकाराच्या रकान्यात गायिकेच्या नावाऐवजी एखाद्या वेबसाइटचा पत्ता असतो. अल्बमच्या जागी तोच पत्ता, चित्राच्या जागी तिचाच लोगो. कधी गाण्याच्या सुरुवातीला त्या साइटचं नाव उच्चारणारा आवाजही चिकटवलेला असतो. ज्या बाईने तो सूर लावला तिचं नाव खोडून तिथे चोराने आपली पाटी लावली आहे, हे पाहिलं की मला दर वेळी संताप येतो. मालकीची ही माहिती जाणूनबुजून पुसणं हाही कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-ब खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा.

फाइलच्या नावाचं शेपूटही बघा. एमपी३, एम४ए, फ्लॅक, वेव्ह ही गाण्याची शेपटं. गाणं म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ किंवा ‘ईएक्सई’ असेल तर ते गाणंच नव्हे, ते तुमच्या फोनमध्ये घुसायला निघालेलं सॉफ्टवेअर आहे. ते उघडू नका. बँकेचं ॲप ज्या फोनमध्ये आहे त्यात तर मुळीच नको.

एका गाण्याचे अनेक धनी

कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या हिशोबात एका गाण्यात किमान तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलावंत म्हणून हक्क वेगळे. कॅसेटच्या कव्हरवर किंवा ॲपमध्ये गाण्याच्या माहितीत वर्तुळातला इंग्रजी ‘पी’, पुढे साल आणि कंपनीचं नाव दिसतं, तो ध्वनिमुद्रणाचा मालक. शब्द आणि चाल यांचे हक्क दुसऱ्याच कुणाकडे असू शकतात.

‘जुनं गाणं आहे, आता कुणाचं नाही’ हे वाक्य मी आठवड्याला ऐकते. हिशोब असा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली निघालेल्या रेकॉर्डची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कवी आणि संगीतकार हयात असेतोवर आणि त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून आणखी ६० वर्षं. आपल्या कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर २०११ साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे, मग ते गाणं कितीही जुनं असो. रेकॉर्ड मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं धरून चालू नका.

बाजारात आणखी काही समजुती फिरत असतात. दहा सेकंद किंवा तीस सेकंद वापरलं तर चालतं, असा कुठलाही नियम कायद्यात नाही. ‘श्रेय मूळ कलाकारांना’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. पैसे कमावले नाहीत म्हणून सुटका होत नाही. फार तर न्यायालय सबळ कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं.

शिक्षा किती

कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्क मोडला तर किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर किमान १ वर्ष कैद आणि किमान १ लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कलम ६४ खाली उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि त्या बनवायचं साहित्य जप्त करू शकतो.

दिवाणी दावा वेगळा. त्यात मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागितली जाते. हक्कदार आपल्या राहत्या किंवा धंद्याच्या गावी दावा लावू शकतो, ही सोय कायद्यानेच दिली आहे. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरात बसतंय खरं, पण कंपनी मुंबईची असेल तर दाव्याच्या तारखांना खेटे मुंबईलाच घालावे लागू शकतात.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून काहींची गाळण उडते. तिथे मिनेसोटातल्या एका महिलेवर काझा या नेटवर्कवरून २४ गाणी वाटल्याबद्दल २ लाख २२ हजार डॉलरचा बोजा पडला; मध्ये आकडा बदलत गेला, पण २०१२ साली अपिलात तोच ठरला. तो आकडा तिथल्या कायद्यामुळे येतो, कारण तिथे दर कलाकृतीमागे ७५० डॉलरपासून दीड लाख डॉलरपर्यंत रक्कम ठरवायची मुभा आहे. आपल्याकडे तशी तयार रक्कम नाही, नुकसान दाखवावं लागतं. पण आपल्याकडे कैदेची तरतूद आहे, ती विसरू नका.

आता रोजच्या सवयींकडे

पैसे भरून घेतलेल्या ॲपमधलं ‘डाऊनलोड’ बटण बिनधास्त दाबा. ती फाइल कुलूपबंद असते, त्याच ॲपमध्ये वाजते आणि वर्गणी थांबली की बंद पडते. ज्यांना गाणं कायमचं हवं, त्यांनी आयट्यून्स स्टोअर किंवा बँडकॅम्पवर विकत घ्यावं. तिथे कुलूप नसलेली फाइल मिळते, ती तुमच्या गाडीतही वाजते आणि कॉम्प्युटरवरही. स्वतः घेतलेली सीडी स्वतःच्या फोनवर ऐकण्यासाठी उतरवली तर खाजगी वापराची सवलत तुमच्या बाजूने उभी राहू शकते. चोरीच्या साइटवरून उतरवलेल्या गाण्याला मात्र त्या सवलतीचा आधार मानू नका. कायद्यात शब्द ‘रास्त’ वापर असा आहे, आणि जिथून घेतलं ती जागाच चोरीची असेल तर रास्त काय उरलं?

यूट्यूबच्या लिंकवरून एमपी३ काढून देणाऱ्या साइट टाळा. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी दिलेल्या बटणाशिवाय डाऊनलोड करता येत नाही. आणि एखादं तांत्रिक कुलूप हक्क मोडायच्या हेतूने फोडलं तर कलम ६५-अ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

टॉरेंटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण विद्यापीठाच्या आसपास खोली घेऊन राहणारी मुलं इथेच फसतात. त्यांना वाटतं, आपण फक्त डाऊनलोड करतोय. टॉरेंटमध्ये फाइलचे बारीक तुकडे होतात. तुमच्याकडे पहिले काही तुकडे आले, की तुमचा कॉम्प्युटर तेच तुकडे इतरांना द्यायला लागतो. डाऊनलोड अर्धं असतानाच तुम्ही वाटप करणारे झालेले असता. प्रोग्राममध्ये ‘अपलोड’ किंवा ‘सीडिंग’ लिहिलेला रकाना बघा, तिथला आकडा वाढताना दिसेल. त्याच जाळ्यात असलेल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतो, हक्कदाराने नेमलेल्या माणसालाही. त्या पत्त्यावरून इंटरनेट कंपनीकडे नोंद मिळते, आणि नोंद असते ज्याच्या नावावर बिल आहे त्याची. म्हणजे पहिला प्रश्न खोलीच्या मालकाला किंवा गावाकडच्या वडिलांना विचारला जातो. मोकळा परवाना असलेल्या गोष्टींसाठी टॉरेंट वापरायला काहीच हरकत नाही, तंत्र बेकायदा नाही. चित्रपटगीतांसाठी मात्र ते तंत्र तुम्हाला न विचारता वरच्या पायरीवर नेऊन ठेवतं.

व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला एक गाणं पाठवलं म्हणून पोलीस दारात येतील असं मी म्हणणार नाही. पण फाइलऐवजी लिंक पाठवायची सवय लावून घ्या. अधिकृत लिंकवरून ऐकलं तर त्या ऐकण्याची नोंद होते आणि रॉयल्टीचा हिस्सा, थोडा का होईना, हक्कदारापर्यंत जायची वाट उघडी राहते. फाइल पाठवली तर ती वाटच बंद.

टेलिग्रामवर गाण्यांचे चॅनेल चालवणारे मात्र फार मोठ्या भ्रमात आहेत. ‘तिथे नाव दिसत नाही’ म्हणतात. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कोचिंगचं साहित्य चोरून वाटणाऱ्या चॅनेलांच्या प्रकरणात टेलिग्रामला चालकांची माहिती द्यायला लावली. नावं, फोन नंबर, आयपी पत्ते सीलबंद पाकिटात न्यायालयापुढे आले. गाण्यांच्या चॅनेलला हा रस्ता बंद आहे असं समजायचं काही कारण नाही.

आणि आता तो मोबाईल दुकानदार. तो प्रती करतो, धंदा म्हणून करतो आणि पैसे घेतो. कमी शिक्षेची जी सवलत आहे ती धंद्यासाठी न केलेल्या कृत्याला आहे, त्यामुळे ती याला नाही. दुकानातला कॉम्प्युटर जप्त झाला तर त्यातल्या गिऱ्हाइकांच्या बॅकअपसकट जातो. तुमचं असं दुकान असेल तर ती पाटी आजच उतरवा आणि हार्ड डिस्कवरचा तो साठा काढून टाका. त्याऐवजी गिऱ्हाइकाला अधिकृत ॲप टाकून द्या, वर्गणी भरून द्या, ऑफलाइन यादी लावून द्या, ब्लूटूथ जोडून द्या, आणि या मेहनतीचे पैसे घ्या. त्यात कुणाचा हक्क मोडत नाही आणि गिऱ्हाईक परत येतं.

दुकानांचे रील आणि लग्नांचे व्हिडिओ

चप्पल लाईनपासून गुजरीपर्यंत आता प्रत्येक दुकानाचं इन्स्टाग्राम आहे. व्यावसायिक खात्याला बहुतेक गाजलेली गाणी निवडताच येत नाहीत, कारण त्या गाण्यांचा करार खाजगी, बिगरव्यापारी वापरासाठी आहे. मग लोक पुतण्याच्या खात्यावरून रील करतात किंवा बाहेरून गाणं चिकटवतात. रीलमध्ये साडीचा भाव आणि दुकानाचा पत्ता आहे म्हणजे ती जाहिरात झाली, खातं कुणाचंही असो. जाहिरातीसाठी मेटाचं साउंड कलेक्शन किंवा यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी वापरा, आणि तिथल्या ट्रॅकची अटही वाचा. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ (मालकाने सगळ्यांसाठी आधीच जाहीर केलेला परवाना) लिहिलेलं संगीत घेताना पुढची अक्षरं बघा: ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर नाही, म्हणजे दुकानाला नाही, ‘एनडी’ असेल तर ते व्हिडिओखाली जोडताही येत नाही, कारण चित्राला संगीत जोडणं हा त्या परवान्यात बदल धरला जातो.

लग्नाबद्दल कायदा उदार आहे. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणं वाजवणं हा हक्कभंग नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. पण ही सवलत वाजवण्याला आहे. त्याच गाण्यावर बेतलेला लग्नाचा व्हिडिओ फोटोग्राफरने आपल्या चॅनेलवर टाकला, की ती सवलत तिथे सोबत येत नाही. यूट्यूबवर नुसता ‘क्लेम’ आला तर बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, एवढंच. ‘स्ट्राइक’, म्हणजे हक्कभंगाचा इशारा, वेगळा; ९० दिवसांत असे तीन आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. तिकीट लावून केलेला ऑर्केस्ट्रा, हॉटेलातली पार्टी, दुकानाचं उद्घाटन यांना ही धार्मिक विधीची सवलत नाही. तिथे आयपीआरएस (शब्द आणि चाल यांच्या हक्कांसाठी), पीपीएल (ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी) यांच्यासारख्या संस्थांचे परवाने लागतात. ऑर्केस्ट्रा किंवा साउंडवाला ठरवतानाच परवाना कोण काढणार ते पावतीवर लिहून घ्या.

मैफलीचं चोरून रेकॉर्डिंग हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. देवल क्लबसारख्या १८८३ पासून गाणं जपणाऱ्या संस्थेच्या शहरात तरी श्रोत्यांनी मोबाईल वर धरू नये. गायकाच्या परवानगीशिवाय मैफल ध्वनिमुद्रित करणं, ती लोकांपुढे ठेवणं, हा कलावंताच्या हक्काचा भंग आहे आणि तो हक्क ५० वर्षं टिकतो. बैठकीत एखादी जागा गायक पहिल्यांदाच चाचपडून बघत असतो. ती जागा जगापुढे ठेवायची की नाही, ते त्याला ठरवू द्या.

नोटीस आली तर

घाबरून सगळं डिलीट करू नका आणि कानावर हातही ठेवू नका. सार्वजनिक ठिकाणचा मजकूर खाजगी करा, पण त्याआधी तो काय होता, कधी टाकला, किती जणांनी बघितला याचे स्क्रीनशॉट ठेवा. ईमेलवरची ‘ताबडतोब पैसे भरा’ वाली लिंक दाबू नका. बनावट नोटिसांचाही धंदा चालतो. पाठवणाऱ्या वकिलाचं किंवा कंपनीचं नाव स्वतंत्रपणे शोधून खात्री करा. कुठल्या गाण्यावर, कुठल्या हक्कावर दावा आहे आणि त्याचा पुरावा काय, हे लेखी विचारा. पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस आली असेल तर दिलेल्या तारखेला वकिलासह हजर राहा. ती चुकवली तर अटकेचं कारण आपणच हातात देतो. आणि वकिलांना भेटण्याआधी फोनवर कुणालाही ‘हो, मीच टाकलं होतं’ सांगत बसू नका.

परवानगी मागायची रीत

लोक विचारतच नाहीत, म्हणून त्यांना वाटतं परवानगी मिळणं अशक्य आहे. मोठ्या कंपनीचं गाणं महाग पडेल हे खरं. पण आपल्याकडच्या शाहिरांना, भजनी मंडळांना, गोंधळ्यांना, नव्या पोरांच्या बँडला विचारून बघा. मंडळाच्या व्हिडिओला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, दुकानाच्या जाहिरातीला लागणारं संगीत त्यांच्याकडे आहे आणि वाजवी पैशात ते मिळतं.

पत्र एक पानाचं पुरे. कुठलं गाणं आणि त्याचं कुठलं ध्वनिमुद्रण, ते कशासाठी आणि कुठे वापरणार, बदल किंवा काटछाट करणार का, पैसे किती आणि कधी देणार, नावं कशी लिहिणार, हे सगळं त्यात हवं. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण तिन्हींचा हक्क एकाच माणसाकडे आहे का ते विचारा. नसेल तर प्रत्येकाची सही वेगळी घ्या. स्टुडिओचे पैसे कुणी भरले हेही विचारा, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा निर्मात्याकडे असतो, गाणाऱ्याकडे नव्हे.

कागद दोन प्रतींत करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि तारीख. व्यवहार व्हॉट्सॲपवर ठरला असेल तर पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा. ‘हो, चालेल’ एवढ्या एका स्क्रीनशॉटवरून कुठलं गाणं आणि कशासाठी, ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. पैसे बँकेतून पाठवा आणि तपशिलात गाण्याचं नाव लिहा.